पंचांग वाचताना आज कोणी हसलं न्हाई

मंडळी, आज पाडवा. सकाळी आमच्या मारुतीच्या देवळात गुरुजींनी पंचांग वाचलं.

मी जुन्या वळणाचा माणूस. पेरणी पंचांग पाहूनच करतो, मतबी कायम एकाच पक्षाला. माझा दोस्त दत्ता एकदम उलटा. दरसाली पावसाचं भाकीत आलं की खांबाला टेकून ओरडायचा, "गुरुजी, हवामान खात्याला इचारलं का?" सगळं देऊळ हसायचं.

मागच्या निवडणुकीत गावच्या ग्रुपवर आमच्यात शब्दानं शब्द वाढला. तवापासून आमी बोलत न्हाई.

आज गुरुजी म्हणाले, "औंदा पाऊस चांगला हाय." अन् सवयीनं थांबले. समद्यांनी खांबाकडं पाहिलं. तिथं कोणीच नव्हतं.

माझं मत आजबी तेच हाय. पण त्याला हसणारा दत्ता पायजे राव. लिंबाचा प्रसाद अजून खिशातच हाय. जाऊ का त्याच्या दारात?