आधी त्यांच्या डोळ्यात

वडील वारले त्या दिवशी मी पालमच्या शाळेत शिकवत होते. निरोप आला. एस.टी.ने मी पेडगावला घरी पोचले.

अंगणात बायका एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या. माझे डोळे नुसते चरचरत होते. आत्या शेजारणीला म्हणाली, "बापाची एवढी लाडकी, अन् डोळ्याला टिपूस न्हाई. लय शिकलं की असं होतंय बघा."

माझ्या डोळ्यांचं दुखणं नीट माहीत असलेला माणूस आत निजवला होता.

मी डी.एड.ला असताना ते सुरू झालं. पानभर वाचलं की डोळ्यांत वाळू गेल्यासारखं व्हायचं. शिक्षण सुटणार अशी भीती वाटू लागली. शेजाऱ्यांनी उपाय सुचवले : गुलाबपाणी, एरंडेल, मध. वडील प्रत्येक उपाय आधी स्वतःच्या डोळ्यात घालून बघत. गुलाबपाण्याने त्यांना झोंबलं, एरंडेलाने दिसेना, मधाने तर डोळा दोन दिवस लाल राहिला.

आई म्हणाली, "आजारी ती हाय का तुमी?"

"मला कुठं परीक्षा द्यायचीय?"

यातलं काहीच त्यांनी माझ्या डोळ्याला लागू दिलं नाही.

परभणीच्या डॉक्टरांनी आधी त्यांनाच झापलं. मग म्हणाले, "हिच्या डोळ्यांत पाणी कमी तयार होतं. मलम आहे, ते बराच वेळ टिकतं, पण त्यानं पुसट दिसतं. थेंब आहेत, ते लवकर वाळतात, सारखे घालावे लागतात."

"वाचता कशानं येईल, डॉक्टरसाब?"

"थेंबांनी."

"मग थेंबच द्या. मी घालत जाईन."

स्टँडवर बसून त्यांनी बाटली उघडली आणि पहिला थेंब आपल्याच डोळ्यात टाकला. दुसरा माझ्या, डाव्या. परीक्षा होईपर्यंत दिवसातून चारदा त्यांचा तळवा माझ्या कपाळावर असायचा.

वडिलांच्या पुण्यानुमोदनाच्या विधीदिवशी मला डोळे उघडवेनात, तेव्हा आईने माझ्या पिशवीतली बाटली काढली. आधी एक थेंब स्वतःच्या डोळ्यात घातला. तशीच रीत असते, असं तिला इतकी वर्षं वाटत होतं. मग माझ्या डोळ्यांत घालताना तिने बाटली जरा जास्तच दाबली. औषध गालांवर ओघळलं.

आत्या जवळ आली. "रडू दे तिला, वैनी. मोकळी होईल."

आईने बाटली पदराआड घेतली.

आता आईही नाही. थेंब माझे मीच घालते, आधी डाव्या डोळ्यात. मला अजून वाचता येतं.