आणे करणारा उमेदवार

ती निवडणूक आठवली की आजही हसू येतं. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, आणि चार माणसं जमली की लोक त्याच गोष्टी सांगायचा आग्रह धरतात. मला मात्र ही सांगायला आवडते. हिच्यात तक्रार होती, खबर होती, आरोपीचा कबुलीजबाबसुद्धा होता. फक्त गुन्हा सापडला नाही.

निजामी राजवटीतले ते दिवस. बिदर जिल्ह्यात, दुबलगुंडीपासून बैलगाडीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर असलेल्या एका कसब्यात मी अमीन होतो. अमीन म्हणजे हल्लीचा फौजदार. गावाचं नाव सांगत नाही, माणसांचीही नाही. बाजारात कानडी, घरात मराठी, कचेरीत उर्दू, आणि भांडणात तिन्ही, असं ते गाव. मी उदगीरकडचा. मला कानडी ‘बा’ आणि ‘होगु’पुरतीच येत होती, म्हणजे माणसाला बोलवायला आणि हाकलायला पुरे एवढी.

तिथल्या बलदियेची, म्हणजे नगरपालिकेची, निवडणूक लागली. मत ज्यांची घरपट्टी भरलेली त्यांनाच, त्यामुळे मतदार मोजके. पण गरमागरमी अशी की जणू दिल्लीचं तख्त रिकामं झालंय. बाजारगल्लीच्या जागेवर दोघे उभे होते. एक वकीलसाहेब. उत्तम उर्दू, गुळगुळीत बोलणं, मागच्या खेपेचे सभासद. टेकडीवरच्या विहिरीचं पाणी नळानं आणून गल्लीत हौद बांधतो, असं त्यांनी निवडून येताना सांगितलं होतं. पुढे विचारलं की म्हणत, ‘कारवाई चालू आहे.’ बायका मात्र टेकडी चढत-उतरतच होत्या. दुसरे होते कापडाच्या दुकानाचे अण्णा. तोंडानं भिडस्त. गिऱ्हाइकाला भावसुद्धा हळू आवाजात सांगायचे.

निवडणूक तोंडावर आली असताना अडत बाजारातला एक दलाल ठाण्यात आला. तो आमचा नेहमीचा खबऱ्या. घरी कानडी बोलणारा, पण माझ्यासाठी मराठी बोलायचा. खुर्चीच्या मागे उभं राहून कानाशी लागला.

“सायब, कापडवाले अण्णा घरोघर आणे करायलेत.”

“कुणाच्या घरी?”

“समद्याच. मतदाराचं एक घर सोडलं न्हाई.”

आमचे मुहर्रिर, म्हणजे ठाण्याचे कारकून, शेजारीच बसले होते. खास हैदराबादचे गृहस्थ, अक्षर मोत्यासारखं. त्यांनी उर्दूत रोजनाम्यात नोंद केली की उमेदवार मतदारांना आणे वाटत आहे. ठाण्याच्या भिंतींना कान असतात, ते सगळ्या ठाण्यांत असतात. दुसऱ्याच दिवशी वकीलसाहेबांचा अर्ज तहसीलदारसाहेबांच्या टेबलावर. मतं विकत घेतली जात आहेत, उमेदवाराचं नाव कापावं. तहसीलदारांचा मला हुकूम आला की मतदानाआधी तपास करून अहवाल द्या.

मी तपासाला लागलो. लाच दिल्याघेतल्याचा तपास म्हणजे दगडातून पाणी काढणं. देणारा नाही म्हणतो, घेणारा तर मुळातच बहिरा होतो. इथे सगळंच उलटं. पहिलाच साक्षीदार, चौकातला पानवाला, पानाला चुना लावता लावता म्हणाला, “व्हय सायब, केलंय की. एका घराला एक आणे.”

“एकच?”

“एकच बास की. माणूस खरा असला तर दुसरं कशाला लागतंय?”

“तुला लाज नाही वाटली?”

“मला कामून लाज? मोडलं तर लाज त्याला.”

मुहर्रिरसाहेब तिथेच हसू दाबत म्हणाले, “अमीनसाब, एक आने को तुड़वा के बी क्या मिलेगा? एक-एक आने में बिक गए लोगां.” मलाही वाईट वाटलं. मत विकायचं तर विका, पण निदान भाव तरी धरा. पुढच्या चार घरांतही तेच उत्तर, तीच ऐट. एका म्हाताऱ्यानं तर मलाच दटावलं की एवढ्या चांगल्या कामात पोलीस कशाला पडायलेत.

मग अण्णांना ठाण्यात बोलावलं. धोतर सावरत आले, टोपी काढून बाकाच्या कडेला बसले. मी दरडावायच्या तयारीत होतो, पण गरजच पडली नाही.

“तुम्ही घरोघर आणे केले?”

“केले, सायब.”

“साक्षीला कोण?”

“समदी गल्ली.”

“गुन्हा आहे हा. तुमचं नाव कटणार. आजच अहवाल जाईल.”

तेव्हा कुठे त्यांचा चेहरा उतरला. कैदेची भीती घातली असती तर बहुधा एवढा उतरला नसता. टोपी दोन्ही हातांनी चुरगळत ते म्हणाले, “नाव कटलं तर मी आणे फेडू कसं, सायब? गल्लीत तोंड दावायला जागा ऱ्हाणार न्हाई. दुकान बंद करून हुलसूरला मेव्हण्याकडं जावं लागंल.”

मी त्यांना बाहेर बसवलं. कबुलीजबाब तयार होता, फक्त सही व्हायची राहिली होती. पण मनात एक कुसळ टोचायला लागलं. घेतलेलं फेडतात, दिलेलं कशाला फेडायचं? अण्णांनी आणे वाटले असतील तर फेडायचं असलंच तर ते गल्लीनं. पोलिसात राहून माणसाचं बोलणं ऐकायची एक सवय लागते. खोटं बोलणारा बारकावे फार सांगतो आणि खरं बोलणारा न विचारलेलं सांगून जातो. अण्णा न विचारलेलं सांगून गेले होते.

कच्च्या कबुलीवर नाव कापायचं नाही, निदान एक आणा तरी मुद्देमाल म्हणून जप्त करू, असं मी ठरवलं. दोन पंच घेतले, मुहर्रिरांना कागद-दौत घ्यायला लावली आणि गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या एका अक्काच्या घरी गेलो. अक्का म्हणजे गल्लीची खरी सभासद. मत तिच्या मुलाचं होतं, पण ते कुठे टाकायचं ते अक्का सांगणार, हे मुलालाही मान्य होतं.

“अक्का, अण्णांनी तुमच्या घरी आणे केले?”

“व्हय. आमच्याच घरापासनं सुरू केलं. मीच करायला लावलं त्याला.”

पंचांनी एकमेकांकडे पाहिलं. लाच मागून घेतल्याची कबुली पोलिसासमोर देणारी बाई मी आधी पाहिली नव्हती.

“तो आणा कुठंय? मला बघू द्या.”

“देवापुढं हाय की. पाय धुवून या.”

आम्ही पाय धुतले. देव्हाऱ्यात मैलारच्या मल्लण्णाचा, म्हणजे खंडोबाचा, टाक होता. त्याच्यापुढे पितळी ताटलीत बेलाचं एक सुकत आलेलं पान आणि चिमूटभर भंडारा. मी ताटली उचलली, खाली पाहिलं, पाटाखाली हात घातला. नाणं नव्हतं.

“आणा कुठाय, अक्का?”

“ह्योच की, सायब. तुमाला दिसना का? ह्याच्यावर हात ठिवून त्यानं आणे केलं.”

मग एक पंच, तो कानडी घरातला होता, हळूच म्हणाला, “सायब, आमच्यात आणे म्हंजी शपथ. तुमी मराठीत आण म्हणता न्हाई का, तेच.”

बेलभंडारा उचलला होता अण्णांनी. मला पहिल्यांदा हसू फुटलं, मग पंचांना, आणि शेवटी आपण कशाला हसतोय हे न कळताच मुहर्रिरांना. अक्का कमरेवर हात ठेवून आमच्याकडे बघत राहिली. पुन्हा आठवून पाहिलं, तर दलाल बिचारा बरोबरच बोलला होता. आणे ‘करायलेत’ म्हणाला होता, ‘द्यायलेत’ नाही. पैसा कुणी करत नाही, पैसा देतात. शपथ करतात. कानडीतून मराठीत येताना शब्द शाबूत होता. मराठीतून उर्दूत जाताना मुहर्रिरांनी तेवढं क्रियापद दुरुस्त केलं आणि शपथेची लाच झाली.

“अमीनसाब,” मुहर्रिरांनी बोरू दौतीत बुडवून विचारलं, “मुद्देमाल में क्या लिखूँ? बेल का एक पत्ता, वो बी सूखा?”

काय शपथ होती ते अक्कानं सांगितलं. गेल्या खेपेला वकीलसाहेबांनी दिलेला शब्द वाऱ्यावर गेला, म्हणून यंदा बायकांनी ठरवलं होतं की जो दारात मत मागायला येईल त्यानं बेल उचलायचा. अण्णा आले, आणि त्यांनी स्वतःच अट घातली. निवडून आलो तर गल्लीतल्या हौदाला पाणी लागेपर्यंत माझ्या घरचं पाणी पिणार नाही. तहान लागली की तुमच्या दारात येऊन मागेन.

तहसीलदारसाहेबांनी सुनावणी चावडीवर, सगळ्यांसमोर घेतली. मी अहवाल वाचला. लाच नाही; शपथ आहे, आणि तीही मतदारांनी घेतलेली नाही, उमेदवारानं घेतलेली. वकीलसाहेब हाडाचे वकील. ते उठले आणि म्हणाले, शपथ हेसुद्धा आमिषच आहे, त्यानं मतदारावर दडपण येतं. तहसीलदारांनी दाढी कुरवाळली.

“दुरुस्त. मग बरोबरी करू. तुम्हीही हीच शपथ घ्या. दोघांचं पारडं सारखं होईल.”

अक्का ताटली घेऊनच आली होती. तिनं ती पुढे केली. वकीलसाहेबांनी ताटलीकडे पाहिलं, गर्दीकडे पाहिलं, आणि अचकनीचं बटण लावत ते म्हणाले, “मी कायद्याचा माणूस आहे. माझा शब्द पुरेसा आहे.”

अक्कानं ताटली पदराखाली घेतली. निवडणूक तिथेच झाली. पुढे मतं पडली ती केवळ रीत म्हणून. अण्णांना जवळजवळ सगळी गल्ली मिळाली आणि ते गुलालात असे रंगले की त्यांच्या दुकानातली पांढऱ्या ताग्यांची एक अख्खी थप्पी गुलाबी झाली.

खरी मजा त्यानंतर सुरू झाली. उन्हाळा लागला आणि अण्णा रोज एका दारात उभे राहायला लागले. बाई तांब्या घेऊन यायची, पण तो हातात देण्याआधी विचारायची, “हौदाचं कुठवर आलं, अण्णा?” उत्तर दिल्याशिवाय पाणी नाही. ‘कारवाई चालू आहे’ म्हणायची सोय नव्हती, कारण बाई विचारणार, कुणाच्या टेबलावर? मग अण्णांना ते ठाऊक असणं भाग पडलं. दुकान भावावर सोपवून ते बिदरच्या कचेरीत खेटे घालू लागले. एका दारात एक आणि दुसऱ्या दारात दुसरं सांगायचीही सोय नव्हती. विहिरीच्या वाटेवर बायका सगळ्या उत्तरांचा मेळ घालायच्या. भिडस्त अण्णांचा आवाज त्या दोन-तीन महिन्यांत चांगला मोठा झाला. जिल्ह्याच्या साहेबांसमोर ते एकदा म्हणाले, “साहेब, सही करा, मला तहान लागलीय.”

पण त्यांचं उर्दू अर्जातलं लिखाण कच्चं होतं आणि अर्ज परत येत. एका दुपारी ते वकीलसाहेबांच्या दारात उभे राहिले. घरपट्टी तेही भरत होते, दार त्यांचंही होतं. सगळी गल्ली आपापल्या उंबऱ्यातून बघत होती. वकीलसाहेब स्वतः पेला घेऊन बाहेर आले. थोडा वेळ तो हातातच धरून राहिले, मग विचारलं, “हौदाचं कुठवर आलं?”

“अर्जात अडकलंय, वकीलसाहेब.”

“आधी पाणी प्या. मग आत या. अर्ज मी लिहितो.”

त्या अर्जाला कुणालाच खोट काढता आली नाही. लाल जांभ्या दगडाचा हौद उभा राहिला, नळाला पाणी आलं, हलग्या वाजल्या. मी बंदोबस्ताला होतो, पण बंदोबस्त कुणाचा करायचा? सगळं गाव भिजत होतं. माझाही गणवेश ओला झाला. अण्णा हौदाचं पाणी ओंजळीनं प्यायले आणि सगळ्यांसमोर रडले. अक्का म्हणाली, “आता घरला जा. बायकू वाट बघायलीय.” त्या दिवशी मी फार आनंदात होतो. वर्दीत माणसाला असा आनंद क्वचित मिळतो.

या प्रकरणानं मला दोन गोष्टी शिकवल्या. माणसाच्या बोलण्यातलं नाम सगळेच ऐकतात. पोलिसानं क्रियापद ऐकावं. आणि पुढाऱ्याचा प्रामाणिकपणा ही काही त्याच्या पोटातली वस्तू नाही. अण्णा चांगले होतेच, पण रोज कुणीतरी तांब्या हातात धरून विचारत होतं म्हणून ते चांगले राहिले. रोज विचारणारं कुणी नव्हतं तोवर वकीलसाहेबही वाईट नव्हते, नुसते सुस्त होते.

पुढे माझी बदली झाली. काही वर्षांनी गुलबर्ग्याच्या स्टेशनवर मुहर्रिरसाहेब भेटले. गल्लीची विचारपूस केली. म्हणाले, या खेपेला अण्णा दमले, उभे राहिले नाहीत. बेल उचलायच्या भीतीनं दुसरंही कुणी पुढे येईना. शेवटी वकीलसाहेब आपण होऊन अक्काच्या ओट्यावर गेले आणि बेल उचलून सांगून आले की गल्लीत कंदील लागेपर्यंत आपल्या घरात दिवा लावणार नाही.

“फिर?” मी विचारलं.

“घर में घुप अंधेरा है, साब,” मुहर्रिर म्हणाले, “मगर वकीलसाब के चेहरे पे ऐसी रौनक मैं कब्बी नै देखा.”

तेवढ्यात त्यांची गाडी सुटली. कंदिलांचं कुठवर आलं, हे विचारायचं राहून गेलं. पण त्याची काळजी मी कधी केली नाही.