रस्त्यापलीकडची मावशी

घाटकोपरला आमच्या बिल्डिंगसमोर, रस्त्याच्या डिव्हायडरमध्ये माणूस जाईल एवढी मोकळी जागा होती. आई रोज संध्याकाळी तिथून पलीकडच्या बुद्धविहारात जायची. वंदना झाली की बाहेरच्या कट्ट्यावर मावशीबरोबर बसायची. मावशी नात्यातली नव्हे. दोघींनी एकाच बालवाडीत उभी हयात नोकरी केलेली. बाबा गेल्यावर आई मोकळेपणी हसली, ती त्या कट्ट्यावरच.

एकदा रस्ता ओलांडताना बाइकचा धक्का लागला आणि आईचं मनगट मोडलं. मी घाबरले. सोसायटीत दारोदार फिरून सह्या घेतल्या, वॉर्ड ऑफिसात खेटे घातले आणि ती जागा बंद करून घेतली. उंच रेलिंग लागलं. त्या दिवशी मी पेढे आणले होते.

प्लास्टर निघाल्यावर आई विहारात जायला निघाली. आता फक्त पादचारी पूल. अर्ध्या जिन्यातच ती गुडघे धरून बसली.

"रिक्षाने सोडते ना," मी म्हटलं.

"समोर जायला रिक्षा? कोण येणार गं?"

खरंच कोणी येत नसे. लांबच्या सिग्नलवरून वळसा घ्यावा लागे.

मावशीलाही तो जिना चढवत नसे. मग दोघी आपापल्या फुटपाथवर उभ्या राहून हात हलवायच्या. मध्ये बस आली की ती जाईपर्यंत थांबायच्या. मावशीला फोनवर ऐकू येत नसे, त्यामुळे भेट तेवढीच. एक दिवस मावशी दिसली नाही. नंतरही नाही. ती अंथरुणाला खिळल्याचं कळलं. रविवारी नेते, असं मी आईला म्हणत राहिले. तीन रविवार गेले.

मग एका सकाळी मावशी गेल्याचा तिच्या सुनेचा फोन आला. रिक्षा मिळून, वळसा घालून पोचेपर्यंत मावशीला नेलं होतं.

"पुष्कळ थांबलो, काकू," सून म्हणाली. "सासूबाई सारखं विचारायच्या, तिला जिना चढवतो का आता?"

परतताना रिक्षात मीच म्हणाले, "आई, ते मी बंद करायला लावलं."

"माझ्यासाठीच केलंस ना," ती म्हणाली, आणि बाहेर बघत राहिली.

आता ती संध्याकाळी खाली उतरत नाही. चल, फिरून येऊ, म्हटलं तर विचारते, "कुठं जायचं?" आणि टीव्हीचा आवाज वाढवते.