तोंड धुरकट, शेपूट लख्ख

गेल्या दिवाळी पाडव्याची दुपार, वेळ चारची. ठरलेली रक्कम पाचशे रुपये, तीही फोटो पसंत पडला तर. हजर: मी, माझी बायको, शेजारचा गवळी आणि शिंगं रंगवलेली त्याची म्हैस.

पाडव्याला आमच्याकडे म्हशी नटवून पळवतात. मालक मोटरसायकलवर पुढे, म्हैस त्याच्या मागे. शेजाऱ्याची म्हैस त्या वर्षी पहिल्यांदाच उतरली होती, आणि तिचा फोटो कोपऱ्यावरच्या फ्लेक्सवर लागणार, असं तो गल्लीभर सांगून बसला होता.

माझा कॅमेरा नवा, लेन्स मात्र चाळीस वर्षांपूर्वीची, मध्ये अडॅप्टरची रिंग घालून बसवलेली. फोकस हातानं फिरवायचा.

"अहो, तुमची फिरवाफिरवी संपेपर्यंत म्हैस घरी जाऊन रवंथ करत बसेल," बायको म्हणाली.

त्याची तजवीज मी केली होती. टेपनं पंधरा फूट मोजले, रस्त्यावर चुन्याची रेघ मारली आणि लेन्सवरच्या आकड्यांत पंधरा लावले. म्हैस रेघेवर आली की बटण दाबायचं. फोकस पडद्यावर तपासायची सोय होती. पण मोजलेलं परत तपासायचं कशाला?

म्हैस आली. दाबलं.

तिचं तोंड धुरकट, शेपूट लख्ख. आणि शेपटीपाशी गडमुडशिंगी गावच्या एकाच्या म्हशीचं तोंड, मिश्या मोजून घ्याव्यात इतकं स्वच्छ. स्वस्तातली रिंग केसभर पातळ निघाली होती. त्यामुळे लेन्सचे पंधरा फूट रस्त्यावर बावीस भरत होते.

"पैसे नकोत," मी म्हणालो.

शेजाऱ्यानं पडद्यावर बोट टेकवलं. मग म्हणाला, "थांबा की दादा. पुढं कुणाची हाय?"

"तुमचीच."

"मग झालं की! अशी पळाली, अशी पळाली, मशीनलाबी घावली न्हाय!"

मी रिंगचं सांगायला तोंड उघडलं. बायकोनं माझ्या पायावर पाय दिला.

तेवढ्यात मागच्या म्हशीचा मालक आला. "पावणं, माझी काय हुबी हुती व्हय? आन् तिचं त्वांड फुकट छापताय?"

फोटोतून तिला कापून टाकावं, तर आपली पुढे होती हे दिसणार कसं? शेजारी पेचात पडला. बरीच ओढाताण झाली.

फ्लेक्सवर दोन्ही म्हशी लागल्या. पाचशेपैकी अडीचशे मागच्या म्हशीच्या मालकाला गेले, अडीचशे मला मिळाले.