गच्चीवरची फिरती खुर्ची

माझा धाकटा भाऊ भूपेश याच्या तोंडून "जमणार नाही" हे शब्द मी कधी ऐकलेले नाहीत. अकलोलीला घरी असताना आईने एकदा त्याला गाय पिळायला बसवलं. गाईने लाथ मारून चरवी उलथवली, तर हा पठ्ठ्या अंग झटकत उठला आणि म्हणाला, "गाय नवीन हाय, तिला माझी सवय न्हाय." गाय त्याच्या जन्माआधीपासून आमच्या गोठ्यात होती.

असा माणूस दुकानदार होणार नाही तर काय होणार! भिवंडीत टेमघरला रस्त्यावरच त्याचं दुकान आहे. मोबाइलच्या काचा, कव्हरं, स्क्रीनगार्ड. माझं सासर तिथून चार पावलांवर. नवरा, धनेश, गोदामात शिफ्टला गेला आणि मुलं शाळेत गेली की मी दुकानात येऊन बसते. येते म्हणजे यावंच लागतं. कारण भूपेश बोलायला लागला की गिऱ्हाईक काय मागत होतं हेच त्याला आठवत नाही.

दुकानाचं नाव झालं ते एका मॅट गार्डमुळे. हा गार्ड चकचकीत नसतो, जरा खरबरीत, मंद असतो. आमच्याकडे येणारी माणसं दिवसभर उन्हातली. कोणी टेम्पो चालवणारा, कोणी गोदामाच्या आवारात माल मोजणारा. सगळ्यांची तक्रार एकच, की उन्हात मोबाइल दिसत नाही. भूपेश गार्ड लावायचा, गिऱ्हाइकाचा हात धरून त्याला बाहेर रस्त्यावर न्यायचा आणि ओरडायचा, "देखो भाई, धूप में देखो! दिखता है के नहीं?" दिसायचं. गिऱ्हाईक खूश, भूपेश त्याहून खूश. माझाही त्या गार्डवर भरवसा होता, उगाच का खोटं बोलू.

एक गोष्ट मात्र मला त्याची कधी पटली नाही. काच लावताना तडकली, तर कंपनीची चूक. कव्हर बसलं नाही, तर मोबाइलची चूक. मी बोलले की म्हणायचा, "ताई, बाजारात एकदा 'चुकलं' म्हटलं ना, की त्या माणसाच्या शब्दाला किंमत राहत न्हाय. मग तू खरं सांग, खोटं सांग, कोण ऐकतंय?" यावरून आमचं आठवड्यातून एकदा तरी वाजायचं.

अशात एके दिवशी निवेदिता मॅडम दुकानात आल्या. हायस्कूलला भूगोल शिकवतात, घराणं भिवंडीतलं जुनं, वडील कोर्टात कारकून होते. अंगावर नेहमी पांढरा, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, कारण उन्हाचा त्यांना त्रास होतो. त्यांनी पिशवीतून पोस्टकार्डाएवढं एक यंत्र काढलं आणि म्हणाल्या, "भूपेशभाऊ, हे मला उन्हात वाचता यायला हवं. मी ग्लायडर उडवते."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. पण नाही. घाटापलीकडे एका मैदानावर, मिळेल त्या रविवारी, ही बाई बिनइंजिनाच्या विमानात एकटी बसून आभाळात जाते. खालून एक यंत्र दोरीने विमान ओढून वर सोडतं. पुढे जमिनीवरून वर चढणारी गरम हवा शोधायची आणि घारीसारखं तिच्यात गोल गोल फिरत उंची मिळवायची. इंजिन नाही, म्हणजे उंची संपली की खाली यायचंच. त्या छोट्या यंत्रावर नकाशा असतो, आणि एक आकडा. आहे त्या उंचीवर आपण मैदानापर्यंत परत पोचू की नाही, हे तो आकडा सांगतो. डोक्यावर पारदर्शक झाकण, त्यामुळे चारी बाजूंनी ऊन.

"मॅडम, उन्हाचं माझ्यावर सोडा," भूपेश म्हणाला. त्याने आपला लाडका मॅट गार्ड लावला, मॅडमना रस्त्यावर नेलं, आकडे वाचून घेतले. लख्ख दिसत होते. मॅडम समाधानाने गेल्या आणि भूपेशने संध्याकाळपर्यंत दुकानांच्या अख्ख्या लाइनीत सांगून टाकलं की आपला गार्ड आता विमानात चालला.

महिन्याभराने मॅडम परत आल्या. चेहरा उन्हाने रापलेला आणि आवाज पडलेला. एका धरणापर्यंत एकटीने जायचं आणि न उतरता मैदानावर परत यायचं, अशी त्यांची परीक्षा होती. चार वर्षं त्यासाठी खपल्या होत्या. धरणापर्यंत झकास गेल्या. परतताना उंची पुरेल की नाही हे बघायला खाली नजर टाकली, तर स्क्रीन पांढरीफटक. मग त्यांनी जुगार खेळला नाही, कापणी झालेलं एक शेत बघून विमान सुखरूप उतरवलं. नंतर हिशेब केला तेव्हा कळलं, उंची पुरली असती.

"आमचे ग्लायडिंगचे सर म्हणाले, शेतात उतरलात ते बरोबरच केलंत," त्या सांगत होत्या. "पण स्क्रीनवर भरवसा बसेपर्यंत मैदान सोडून लांब जायचं नाही. आता पावसाआधी शेवटची एक संधी आहे. पुढच्या वर्षीपासून मी मुख्याध्यापिका, सगळी शाळा माझ्याकडे येणार, मग कसले रविवार आणि कसलं काय." मग थांबून म्हणाल्या, "तुमच्या गार्डला मी दोष देत नाही हं. दुकानात तर स्वच्छ दिसत होतं. माझेच डोळे गेले असतील. पन्नाशी आली."

भूपेशने तोंड उघडलं. "मॅडम, तुमचं यंत्रच..." एवढं म्हणाला आणि माझ्याकडे बघितलं. मी असे डोळे वटारले होते की पुढचं वाक्य त्याने गिळलं. "यंत्र ठेवून जा. उद्या या," एवढंच म्हणाला.

त्या गेल्या आणि हा यंत्र घेऊन रस्त्यावर उभा राहिला. "दिसतंय की! ताई, बघ, आकडा न् आकडा दिसतोय. बाईंचे डोळेच..."

माझं डोकं फिरलं. "अरे, ती तुझ्यासारखी रस्त्यात उभी असते का? तिला पट्ट्यांनी आवळून बांधलेलं असतं, वर गोल गोल फिरत असते! तुलापण बांधून फिरवायला पाहिजे, म्हणजे कळेल!"

मी रागाने बोलले होते. हा मात्र माझ्याकडे टक लावून बघत राहिला आणि म्हणाला, "बांध."

दुकानाच्या वरच्या मजल्यावर टॅक्सचं काम करणाऱ्यांचं ऑफिस आहे. त्यांची फिरती खुर्ची आम्ही मागून आणली आणि गच्चीवर चढवली. दुपारचं ऊन असं, की चपलेतूनही चटका बसत होता. भूपेश खुर्चीत बसला. माझ्या ओढणीने त्याला खुर्चीच्या पाठीशी आवळला. खुर्चीच्या दोन्ही हातांवर एक फळी आडवी टाकली, तिच्यावर यंत्र चिकटवलं. "हात खाली," मी बजावलं. "तिच्या हातात विमानाची दांडी असते, सावली धरायला ती हात वर आणणार नाही." आणि दिली खुर्चीला गिरकी.

समोरच्या पॉवरलूमच्या शेडमधली कामगार मंडळी जेवायला बाहेर आली होती. त्यांना आयताच तमाशा मिळाला. "दीदी, भाई को क्या हुआ?" एकाने विचारलं. "दिमाग में गर्मी चढ़ गई है, उतार रही हूँ!" मी ओरडून सांगितलं. ते हसायला लागले, तसा भूपेश खुर्चीतून त्यांच्यावर खेकसला.

तो आकडे मोठ्याने वाचत होता. अर्धी चक्कर नीट वाचली आणि गप्प झाला. पुन्हा वाचायला लागला, पुन्हा त्याच जागी गप्प. मी खुर्ची नेमकी तिथे धरली. ऊन त्याच्या खांद्यावरून थेट स्क्रीनवर पडत होतं आणि सगळी स्क्रीन दूध सांडल्यासारखी पांढरी झाली होती. त्याने अंग वळवायला बघितलं, ओढणीने वळू दिलं नाही.

"ताई," तो हळूच म्हणाला, "रस्त्यावर आपण उन्हाला पाठ करतो गं. आपलीच सावली पडते स्क्रीनवर. तिला वळता येत न्हाय."

किती वर्षं आम्ही माणसांना रस्त्यावर नेऊन दाखवत होतो, आणि प्रत्येक माणूस नकळत उन्हाकडे पाठ करून उभा राहत होता! ना त्याच्या लक्षात आलं होतं, ना माझ्या.

"गार्ड काढ," भूपेश म्हणाला. मी सोलून काढला. पुन्हा फिरवलं. पांढरेपणा गेला, चकचकीत काचेवर आकडे उमटले, पण त्यांच्यावर आता आणखी काहीतरी दिसत होतं. "माझा शर्टच दिसतोय की काचेत," तो म्हणाला. दुकानात तो रोज पांढराशुभ्र शर्ट घालतो, त्याची ती ऐट. मॅडमचाही पांढराच. मी घरी पळत जाऊन धनेशचा काळा शर्ट आणला, भूपेशला सोडवलं, शर्ट बदलायला लावला, पुन्हा बांधलं. यंत्र जरासं तिरकं केलं, उजेड पूर्ण वाढवला. मग मी गरागरा फिरवत राहिले आणि तो आकडे वाचत राहिला. एकदाही अडला नाही.

मला वाटलं, आता हा उड्या मारणार. पण ओढणी सोडली तरी तो खुर्चीतच बसून राहिला. घामाने निथळत होता.

"म्हणजे माझ्या गार्डनेच घात केला तिचा," तो म्हणाला.

"मग तसं सांग तिला."

"सांगितलं तर ती काळा शर्ट घालेल का? गार्ड लावा, छातीठोक सांगणारा मीच. आता काढा म्हणणारा पण मीच. कशाला ऐकेल ती माझं?" मग घाम पुसत म्हणाला, "त्यापेक्षा सांगतो, नवीन भारी काच टाकलीय. काळा शर्ट त्या काचेसाठी लागतो. ती ऐकेल, उडेल, सगळं ठीक होईल."

यात खोट कुठे आहे ते मला पटकन सांगता येईना. काम तर झालंच असतं. पण बाई आपल्या डोळ्यांना दोष देत घरी गेली होती, ते मनातून हलत नव्हतं. "तुझं दुकान, तुझी जीभ," मी म्हणाले आणि खुर्ची परत द्यायला खाली उतरले. रात्री त्याचा फोन आला, तोही मी उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या तेव्हा दुकानात चार-पाच गिऱ्हाइकं होती. आधी या बाकीच्यांना वाटेला लावावं, असं मला वाटत होतं. भूपेशने यंत्र गल्ल्यावर ठेवलं.

"मॅडम, डोळे तुमचे एकदम ठणठणीत हायत," तो म्हणाला. आवाज नेहमीसारखाच, रस्त्यापर्यंत जाणारा. "चुकलं माझं. हा गार्ड उभ्या माणसाला चालतो. बसून फिरणाऱ्याला न्हाय चालत. मी काढून टाकलाय. आता काळा शर्ट घाला, यंत्र असं तिरकं लावा आणि बिनधास्त जा."

दुकानातली माणसं त्याच्याकडे बघायला लागली. मी तर आयुष्यात पहिल्यांदा 'चुकलं माझं' त्याच्या तोंडून ऐकत होते. मॅडमनी यंत्र हातात घेतलं, उलटसुलट करून बघितलं.

"मे महिन्यात काळा शर्ट?" त्यांनी विचारलं.

"घाम येईल. पण दिसेल."

"खात्री आहे?"

"हाय. या वेळेला फिरून बघितलंय," भूपेश म्हणाला.

त्या शेवटच्या रविवारी आम्ही दोघं पहाटेची एसटी धरून घाटापलीकडे गेलो. मॅडमनी बोलावलं होतं. काळ्या शर्टात त्या विमानात बसल्या, झाकण बंद झालं, दोरीने विमान वर खेचलं गेलं आणि बघता बघता आभाळात ठिपका होऊन दिसेनासं झालं. मग आम्ही एका झाडाखाली वाट बघत बसलो. भूपेशने तिथल्या कोणाशीही गप्पा मारल्या नाहीत. आजारी असतानाही हा माणूस नर्सला मोबाइलचं कव्हर विकतो! मी त्याला पाणी दिलं, तेही त्याने तसंच हातात धरून ठेवलं. तिथले सर दुर्बीण घेऊन आभाळ धुंडाळत होते आणि त्यांच्या कपाळावरची आठी मला दिसत होती.

उन्हं कलायला लागली तेव्हा सरांनी हात वर केला. झाडांच्या वरून, काही आवाज न करता, ते विमान आलं. आमच्यासमोरून सरकत जाऊन मैदानाच्या मधोमध टेकलं. लोक धावले, आम्हीही धावलो.

मॅडमनी झाकण उघडलं. शर्ट घामाने अंगाला चिकटला होता. "परतताना आकडा कमी दाखवत होता," त्या सरांना सांगायला लागल्या. "निघाले असते तर अलीकडेच उतरावं लागलं असतं. म्हणून अजून थोडं फिरून उंची घेतली, आकडा पुरेसा झाला, तेव्हाच निघाले. सगळं दिसत होतं, सर. शेवटपर्यंत दिसत होतं."

मग त्यांना मागे उभा असलेला भूपेश दिसला. तो पुढे होईना, तेव्हा त्यांनीच हाक मारली.

"मॅडम," भूपेश म्हणाला, "एकदा माझं ऐकून शेतात उतरलात. तरी परत ऐकलंत?"

"भूपेशभाऊ, त्या दिवशी मी यंत्र परत घेऊन विकून टाकायचं ठरवूनच दुकानात आले होते," मॅडम म्हणाल्या. "डोळेच गेले म्हटल्यावर ठेवून काय करायचं? परीक्षेतून माझं नाव कमी करा, असं सांगायला सरांना फोनही करणार होते. तुम्ही चारचौघांत 'चुकलं माझं' म्हणालात, म्हणून आज इथे आले."

भूपेशने हात जोडले. त्याने माझ्याकडे बघितलं, म्हणजे आता ताईने बोलावं. पण मी ओढणीने डोळे पुसत होते.