मिंझाच्या चुलीवरचा पारा

गेइटाच्या सोन्याच्या खाणींलगत मिंझाची वस्ती. पुरुष दगड फोडून, दळून, पारा घालून धुऊन, सोनं धरलेला पाऱ्याचा गोळा तिच्याकडे आणत. ती तो पत्र्यावर तापवी. पारा धूर होऊन उडे, पिवळं सोनं मागे राही. त्याच चुलीवर मग मक्याच्या पिठाची उगाली शिजे.

तिची दोन बाळं पोटातच गेली. दुसरी तर पुरती वाढलेली, डोक्यावर जावळ असलेली मुलगी. पपईच्या झाडामागे मिंझानं तिला स्वतः पुरलं. तेव्हापासून भर दुपारी पारा चरचरू लागला, की पाठीमागे कुणीतरी मुसमुसतंय असं तिला वाटे. वळून बघावं तर नुसती भिंत.

दवाखान्यातली नर्स म्हणाली होती, "शपथेवर सांगता येत नाही गं, पण मला त्या धुराचाच संशय येतो. सोड ते काम."

सासू न्यांझोबे फणकारली, "धूर म्हणे! माझ्या मेलेल्या सासूच्या नावानं कधी दारू शिंपडलीस का? ती रुसलीय."

मिंझाला सासूचंच पटलं. ज्या धुरावर घर चालतं, तो वैरी कसा असेल?

मग नणंद होलो बाळंतपणाला माहेरी आली. दिवसभर चुलीपाशी शेंगा सोलत बसे. "वहिनी, कार्टं रडलं की तूच उठायचं हं. मी आपली घोरणार!"

एका सकाळी तिच्या पोटातली हालचाल थांबली. मुलगा मेलेलाच जन्मला.

"आई," मिंझानं विचारलं, "होलो तर आजीची लाडकी. दारू शिंपडायला कधी चुकली नाही. आता कोण रुसलं?"

म्हातारी भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

मिंझानं त्याच दिवशी चूल फोडली. नवरा लुशिंगे ओरडला, "खायचं काय?"

"काहीही. पण या घरात पारा नको."

ती सुकी मासळी विकू लागली. गोळे आता शेजारच्या कबुलाकडे जाऊ लागले, आणि कबुलाला दिवस गेलेले. मिंझा रोज तिच्या दारात जाऊन बसे. "पोरी, बाहेर ये." लोक म्हणत, डोकं फिरलंय हिचं. शेवटी कबुलाच वैतागली. नवऱ्याला म्हणाली, "जा तो पत्रा घेऊन माळावर, नाहीतर ही बया हलायची नाही!"

कबुलाला मुलगी झाली, जिवंत, ओरडणारी. न्हाऊमाखू घालून तिनं लेकीला मिंझाकडे आणलं. मिंझानं साबणानं हात धुतले, पुन्हा धुतले, मग त्या धुराचा वास अजून येतो का, हुंगून पाहिलं.

"घे ना!" कबुला म्हणाली.

"तूच धर," मिंझा म्हणाली. "मी इथूनच बघते."