मुद्दाम रिकामी ठेवलेली जागा

१२ मार्च २००९, गुरुवार. सकाळपासून फॉर्म भरते आहे. आमच्या उत्पादक संघानं पाठवलेला, बारा पानी. परदेशातून येणाऱ्या औद्योगिक कापडावर सरकारनं जी जादा ड्यूटी बसवली आहे, तिची मुदत संपत आली. ती पुढं वाढवून हवी असेल तर आमच्यासारख्या लहान कारखानदारांनी आपलं नुकसान कागदावर दाखवायला हवं. माग किती बंद, माल किती पडून, सगळं भरून झालं. सातव्या पानावर एक रकाना आहे — आयातीमुळे काम गेलेल्या कामगारांची नावं. तिथं पेन थांबलं.

मागच्या खेपेला, २००३ साली, याच रकान्यात मी एक नाव लिहिलं होतं. त्याबद्दल मी आजवर कोणाशीही बोललेले नाही. बहिणीशी नाही, मुलीशी नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. तेही जात नाही.

आधी धंद्याचं सांगते. आमच्या यांचं निम्मं आयुष्य मुंबईतल्या गिरणीत गेलं — जॉबर होते, म्हणजे खात्याचे मुकादम. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी कळंबला येऊन पत्र्याच्या शेडमध्ये सहा जुने माग टाकले. रंगाच्या आणि रसायनांच्या कारखान्यांत द्रव गाळायला जाड कापड लागतं, ते आम्ही विणतो. दिसायला गोणपाटासारखं, कोणी त्याची साडी नेसत नाही की पडदा लावत नाही. पण ते फाटलं तर कारखान्याचा अख्खा घाणा वाया जातो.

हे ९८ साली गेले. त्याच सुमाराला परदेशी कापड बाजारात ओतलं जाऊ लागलं. तिकडचं सरकार सबसिडी देतं, आणि तिथले कारखाने आपल्या देशात ज्या भावाला विकतात त्याहून कमी भावाला इथं आणून टाकतात. आम्हाला सूत ज्या भावानं मिळायचं, त्या भावात त्यांचं विणलेलं कापड. संघानं अर्ज केला, ड्यूटी बसली. त्या अर्जावर माझीही सही होती. सभेत मी बोलायला उभी राहायचे. बाईमाणूस बोलतंय म्हणून लोक ऐकायचे, आणि मला ते आवडायचं.

आता चांगुणा.

चांगुणा धनगराची. माहेर निमगाव सावा, दिली कळंबला. लहानपणी आजीबरोबर लोकर कातलेली, त्यामुळे धाग्याचा पीळ तिला डोळ्यांआधी बोटांना कळायचा. यांनी तिला पहिल्यांदा कांड्यांवर सूत भरायला घेतलं आणि वर्षभरात तपासणीच्या टेबलावर उभं केलं. प्रत्येक ताग्यावरून ती डोळे अर्धवट मिटून हात फिरवत जायची. माल ठीक असला की किनारीत लाल दोऱ्याची गाठ मारायची. ती गाठ कोकराच्या गळ्यात बांधतात तशी — कितीही ओढली तरी आवळत नाही, कोकरू गुदमरत नाही. मला ती कधी जमली नाही. गिऱ्हाइकांना मात्र लाल दोरा पाठ झाला होता. दोरा दिसला की माल न उलगडता आत घ्यायचे.

अकरा वर्षं ती आमच्याकडे होती. त्या अकरा वर्षांत एकही तागा परत आला नाही. हे मी का सांगते आहे? कारण पुढचं सांगायचं टाळते आहे.

२००३ च्या उन्हाळ्यात एका रंगाच्या कारखान्याची मोठी ऑर्डर आली. दोन माग नादुरुस्त होते. ऑर्डर नाकारता आली असती, मुदत मागता आली असती. मी भिवंडीच्या एका व्यापाऱ्याला फोन केला. त्याच्याकडे परदेशी कापड होतं — बंदरावर ताडपत्रीचं म्हणून उतरवलेलं, ड्यूटी चुकवून. ज्या ड्यूटीसाठी मी सभा गाजवत होते, तीच. मी अडचणीत होते असं समजू नका. घर नीट चाललं होतं, मुलाचं-मुलीचं लग्न झालेलं होतं. मला फक्त कटकट नको होती.

टेम्पोतून गठ्ठे उतरले. चांगुणानं पहिल्यावर हात ठेवला आणि हसली.

"ह्ये पावणं कुठनं आलं म्हनायचं, वैनी?"

मी म्हटलं, दुसऱ्या शेडवरून विणून आणलंय, बांध गाठ. तिनं कापडाचं टोक चिमटीत धरून चोळलं. आपलं कापड वाळूवानी लागतं, म्हणाली, ह्ये निस्तं घसरतंय, आडवा बाणा पातळ हाय. मग दोऱ्याचं रीळ उचलून तिनं माझ्यासमोर ठेवलं.

"तुमी मालकीन हाय. इका. पन याला माजी गाठ न्हाई."

रागानं बोलली नाही. हिशेबाची गोष्ट सांगावी तशी बोलली आणि आमच्या मागावरचा तागा ओढून कामाला लागली.

मला राग आला तो याचा. तिनं आरडाओरडा केला असता तर मी कदाचित ऐकलं असतं. पण माझ्याच शेडमध्ये, माझ्याच पगारावर असलेल्या बाईनं मला इतक्या साधेपणानं नाही म्हणावं? रविवारी शेड बंद असताना मी आत गेले आणि परदेशी ताग्यांना एकेक करून लाल दोरा बांधला. साधी आवळ गाठ. शेवटच्या ताग्यापर्यंत हात थांबला नाही माझा. त्या कापडाला रॉकेल आणि बुरशीच्या मधला कसला तरी वास होता, तो दोन दिवस बोटांना राहिला. भाकरी थापताना यायचा. पिठालाच वास लागलाय असं मी सुनेला सांगितलं, आणि तिनं अख्खा डबा घासला.

महिन्याभरात कापड फाटलं. कारखान्याचा माणूस जीपनं आला, सोबत फाटका तुकडा — निळ्या रंगानं बरबटलेला, आणि किनारीला लाल दोरा. सगळा रंग गटारात गेला, म्हणाला, साहेब विचारतात असला माल पास कोणी केला?

शेडमध्ये पाच बाया होत्या, दोन मागवाले होते. माग मीच थांबवायला लावले. एरवी मी चांगुणाला अगं-तुगं करायचे. त्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणाले, "चांगुणाबाई, खूण तुमचीच ना?"

तिनं तुकडा घेतला. गाठ पाहिली. पाहिली म्हणजे अंगठ्यानं चाचपली, एकदाच. नंतर माझ्याकडे बघितलं.

"गाठ माजी न्हाई, वैनी."

"मग कोणाची?"

हे मी विचारलं. डोळ्याला डोळा देऊन विचारलं. बोलताना माझा आवाज जराही हलला नाही, आणि आज मला सगळ्यात जास्त किळस येते ती त्या आवाजाची. चांगुणानं तुकडा टेबलावर ठेवला. बाकीच्या बायांना चांगुणाची गाठ माहीत होती. त्या खाली बघत राहिल्या, कारण संध्याकाळी त्यांना घरी जाऊन चूल पेटवायची होती. कारखान्याच्या माणसाला गाठीतला फरक कळायचं काहीच कारण नव्हतं. मी त्याच्यादेखत तिला कामावरून काढलं. तो समाधानानं गेला. पुढची ऑर्डरही त्यांचीच आली.

इथंच थांबले असते तर मी एक खोटारडी बाई ठरले असते, जगात आहेत तशी. पण ड्यूटीची मुदत संपत आली होती.

फॉर्म आला. त्यात तोच रकाना. माझ्याकडे आयातीमुळे काम गेलेलं कोणीच नव्हतं. सहाही माग दुरुस्त होऊन चालू होते. मी चांगुणाचं नाव लिहिलं. वय, गाव, नोकरीची अकरा वर्षं — सगळं खरं. कारण तेवढं खोटं. आणि लिहिल्यावर तपासणीची जागा भरायची नाही असं ठरवलं. जागा भरली तर काम गेलं कसं म्हणणार? तीन महिने तागे मीच बघत होते. बघत होते म्हणजे वरवर उलगडून गुंडाळत होते. दिल्लीचे अधिकारी तपासायला येणार होते, त्यांना ते टेबल रिकामं दिसायला हवं होतं.

तोवर चांगुणानं मंचरपर्यंतच्या दोन-तीन शेडवर काम विचारून पाहिलं होतं. सगळीकडे तेच उत्तर — फाटका माल पास करणारी. हे तिथवर कोणी पोचवलं? एका सभेत चहा पिताना मीच. कोणी विचारलंही नव्हतं. दिवाळीनंतर ती नवऱ्याच्या मेंढरांमागं कोकणात उतरणार असं कानावर आलं. अकरा वर्षांत ती कळपामागं गेली नव्हती.

अधिकारी दोघे आले. दोघेही हिंदी बोलणारे, सभ्य, कागद नीट बघणारे. मी त्यांना मासवडीचं जेवण घातलं. त्यांनी रस्सा दोनदा मागून घेतला. मग त्यातल्या थोरल्यानं विचारलं, काम गेलेल्या या बाईंशी बोलता येईल का?

नाही म्हणता आलं असतं. गावाला गेली, आजारी आहे, काहीही. पण मला वाटलं, हजर केली तर वजन पडेल. मी शेजारणीकडून निरोप धाडला — चांगुणाला म्हणावं दिल्लीचे साहेब आलेत, तुझ्या कामाचं विचारतायत.

ती धुतलेलं हिरवं लुगडं नेसून आली. शेडमधून चालत येताना तिनं टेबलाकडे पाहिलं — रिकामं होतं. तिला काय वाटलं असेल ते मला तेव्हाच कळलं. वैनींनी जागा ठेवली. मी तिला खुर्ची दिली. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

साहेबांनी हिंदीत विचारलं, काम कसं गेलं? मी मराठीत तिला सांगितलं. तिनं हात मांडीवर ठेवले आणि साहेबांकडे बघून, सावकाश, शब्द जुळवत बोलली.

"फाटल्यालं कापड माज्या हातचं नव्हतं. गाठ माजी नव्हती. वैनींनी चारचौघांत मला खोटं पाडलं. मला काम नगं, पन गाठ माजी नव्हती येवढं लिवा."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. आमची बोली त्यांना कळत नव्हती. 'काम' आणि 'कापड' हे दोन शब्द कळले असतील, आणि माझ्या खोट्याला तेवढे दोन पुरेसे होते. मी हिंदीत म्हणाले, ही सांगते आहे की बाहेरचं स्वस्त कापड आलं, आमचा माल पडून राहिला, म्हणून हिला घरी बसावं लागलं. वर आणखी जोडलं — फार दुःखी आहे बिचारी. बिचारी! कोणी मागितलं होतं ते?

त्यांनी लिहून घेतलं. चांगुणा माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या तोंडावर काहीच नव्हतं — राग नाही, आश्चर्यही नाही. कापडावरून हात फिरवताना असायची तशी. साहेबांनी मान हलवत विचारलं, यही बात है ना? ती थोडा वेळ आतल्या मागांच्या आवाजाकडे कान देऊन बसली. मग उठली आणि हात जोडून बाहेर निघाली.

मी तिच्या मागं दारापर्यंत गेले. काय बोलणार होते, कुणास ठाऊक. चपला घालता घालता तीच म्हणाली, हळूच, आतल्यांना ऐकू जाऊ नये म्हणून.

"हिंदी कळतं मला, वैनी. टीव्ही बघत न्हाई व्हय मी? आत पाच जनी कामाला हायेत, म्हनून गप ऱ्हायले."

आणि गेली. मी आत येऊन साहेबांना चहा ओतला. हात थरथरले असं लिहिलं तर बरं दिसेल, पण थरथरले नाहीत. बशीतही सांडला नाही.

पुढं ड्यूटी वाढली. ती वाढायला हवीच होती, असं मी आजही म्हणते. परदेशी मालानं शेडच्या शेड बंद पाडल्या, ते खोटं नाही. खोटं घालायची गरजच नव्हती, खरं पुरेसं होतं. मी ते नासवलं. संघानं शाल दिली. पेटीत ठेवली होती, तिला कसर लागली, मागच्या वर्षी पायपुसणं केलं तिचं. चांगुणा त्या वर्षी कोकणात उतरली ती कळपाबरोबरच राहिली. एकदा कळंबच्या फाट्यावर मेंढरं आडवी आली म्हणून आमची गाडी थांबली होती. ती पुढं चालत होती. मी काच वर केली.

साहेब गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काय केलं, ते राहिलं. सातला शेड उघडली आणि मंचरहून बोलावून ठेवलेल्या एका दहावी पास मुलीला तपासणीच्या टेबलावर उभं केलं. तिला आठवडाभर आधीच सांगून ठेवलं होतं, साहेब येऊन गेले की ये. पोरगी हौशी होती. ताग्यावर हात ठेवून विचारायला लागली, यात बघायचं काय असतं, काकू? मी सांगितलं, बघायचं काही नाही, मीटर मोजायचे.